डोक्याला मार लागल्यानंतर पुन्हा गाडी चालवायची असेल तर

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. अपघातानंतर चार महिन्यांनी आमचे शेठ घरी आले आणि माझं मन रमावं म्हणून एका दिवसाची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, बेरजेला दिली. मी पंधरा मिनिटांत बेरीज करून दिली, एक पैशाची चूक नाही. फक्त ती नुसती 'नावे', म्हणजे खर्चाच्या, बाजूची होती. जमा पानाच्या डावीकडे असते, तिकडे मी बघितलंच नव्हतं. शेठ म्हणाले, "जमा कुठाय?" मी म्हणालो, "आज जमा झालीच नाही." आणि मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात मी बायकोशी भांडत होतो की गाडीची किल्ली दे, मी ठणठणीत आहे.

आमच्या पेशात एक साधी गोष्ट आहे. ज्यानं वही लिहिली त्यानं ती तपासायची नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं तेच आहे. पाय मोडला तर तो दुखून सांगतो. मेंदू बिघडला तर बिघडलाय हे ज्यानं ओळखायचं तोच बिघडलेला असतो. म्हणून खाली जे जे लिहिलंय त्यात दर ठिकाणी दुसऱ्या कुणाची तरी सही लागते असं समजा.

आधी माझं काय झालं ते थोडक्यात. २०२२ च्या जानेवारीत, उसाचं गाळप जोरात असताना, तासगावहून मोटारसायकलवर परत येत होतो. रात्रीचे साडेआठ. पुढे उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं. डोक्यात उजव्या बाजूला रक्त साकळलं. मिरजेत ऑपरेशन झालं, कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून माझ्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला आणि मेमध्ये परत जागेवर बसवला. उजव्या मेंदूला मार म्हणजे अधू होते डावी बाजू. माझा डावा हात, डावा पाय आणि डावीकडचं सगळं जग. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची आणि मी म्हणायचो आज भाजी वाढलीच नाही.

तुमचा मार वेगळ्या जागी असेल. कपाळामागच्या भागाला लागलेलं असेल तर हातपाय नजर सगळं उत्तम, पण घाई आणि राग आवरत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर असा एक तरुण होता, सलाइनची नळी स्वतः उपटून घरी निघाला होता. गाडीवर ते माझ्या आजाराइतकंच वाईट.

आता कामाचं.

डॉक्टरांना "गाडी चालवू का?" असं मोघम विचारू नका. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. ते म्हणणार "हळूहळू सुरू करा" आणि तुम्हाला त्यातलं फक्त "सुरू करा" ऐकू येणार. कागदावर प्रश्न लिहून न्या, आणि घरचं माणूस सोबत न्या, उत्तरं त्यानं लिहून घ्यायची. मी, म्हणजे बायकोनं, विचारलेले प्रश्न असे होते: फिट येण्याचा धोका किती आहे आणि किती दिवस? चालू गोळ्यांपैकी कोणत्या झोप आणतात? नजरेचं क्षेत्र तपासायला हवं का? लक्ष आणि निर्णय यांची तपासणी कोण करेल? काढलेलं हाड बसवेपर्यंत गाडीत मागे तरी बसू का?

शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर हसले, पण उत्तर दिलं: बसा, हळू न्यायला सांगा, खड्डे टाळा. सांगलीत खड्डे टाळा म्हणजे घरीच बसा.

फिटचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मला जून २०२२ मध्ये एक फिट आली, घरात, चहा पिताना. मी कॅलेंडरवर मोजत आणलेले पाच महिने त्या एका मिनिटात गेले. डॉक्टर म्हणाले, आता शेवटच्या फिटपासून पूर्ण एक वर्ष, मध्ये एक जरी आली तरी मोजणी पहिल्यापासून. ब्रिटनमध्येही मोटार चालवणाऱ्यांना साधारण हाच एक वर्षाचा नियम आहे हे मुलीनं मला दाखवलं, तेव्हा डॉक्टर माझ्यावरच खार खाऊन आहेत हा संशय गेला. तुमच्या बाबतीत मुदत वेगळी असू शकते, ती तुमच्याच डॉक्टरांकडून घ्या. गोळ्या मनानं बंद करू नका. मला लेव्हेटिरासिटॅम होती. तिनं सुरुवातीला झोप यायची आणि चिडचिड व्हायची. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगितल्या, त्यांनी वेळा बदलून दिल्या. मी स्वतः शहाणपणा करून रात्रीची गोळी चुकवली असती तर ती मोजणी परत पहिल्यापासून झाली असती.

डोळ्यांचं सांगतो, कारण इथे पुष्कळ जण फसतात. चष्म्याच्या दुकानात भिंतीवरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. नंबर बदलला नव्हता. पण अक्षरं समोर असतात. सायकलवाला बाजूनं येतो. त्यासाठी वेगळी तपासणी असते, पेरिमेट्री. एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवून पांढऱ्या घुमटात बघायचं, नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची, कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. एकेका डोळ्याला पाच-सात मिनिटं. शेवटी नकाशा छापून मिळतो, जिथं दिसत नाही तिथं काळं. दोन्ही डोळ्यांच्या नकाशात एकच बाजू काळी आली तर तो डोळ्याचा नाही, मेंदूचा दोष, आणि बहुतेक वेळा गाडीचा विषय तिथंच संपतो. ते ऐकायची तयारी ठेवूनच जा.

माझा नकाशा बराचसा पांढरा आला. मी खुशीत. तेव्हा मिरजेच्या थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचे डोळे बघतायत. तुम्ही बघत नाही." ही दुसरी भानगड. दिसतं, पण तिकडे लक्षच जात नाही. त्यांनी एक कागद पुढे ठेवला, सगळीकडे छोट्या-मोठ्या चांदण्या, फक्त छोट्या खोडायच्या. मी उजव्या अर्ध्यातल्या सगळ्या खोडल्या आणि पेन ठेवलं. मग एक ते पंचवीस आकडे ओळीनं जोडायचे, ते जमलं. मग १-अ-२-ब-३-क असे आलटून पालटून जोडायचे, त्यात मी चौथ्या पायरीला अडकलो आणि कागदावरच चिडलो. गाडी चालवणं म्हणजे हेच असतं: समोरचा टेम्पो, आरसा, परत टेम्पो, सिग्नल, परत आरसा. मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळात मला नव्वद गुण पडायचे, त्याचा काडीचा उपयोग नाही.

या तपासण्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं परत करायला शिकवणारे) किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. मोठ्या न्यूरो विभागात विचारा. आपल्याकडे मुंबईत हाजीअलीला भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे, बेंगळुरूला मेंदू आणि मनाच्या आजारांची निमहान्स ही संस्था आहे. कुठेही जा, पण तिथून लेखी कागद आणा.

मॅडमनी दिलेला व्यायाम एका वाक्याचा होता: डावीकडची लाल रेघ दिसल्याशिवाय वाचायला सुरुवात करायची नाही. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला स्केचपेननं रेघ मारायची, आधी मान वळवून ती शोधायची, मग ओळ. आमच्या वह्यांना डावीकडे लाल समास छापलेलाच असतो. आयुष्यभर मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं, आता दर ओळीला बघू लागलो. पुढे गाडीत काचेच्या डाव्या खांबावर आतून लाल टेपची पट्टी चिकटवली. अजून आहे. लोक विचारतात, नजर लागू नये म्हणून का? मी हो म्हणतो.

हातापायाचा विचार आपल्या रस्त्यांच्या हिशेबानं करा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे गिअर डाव्या हाताला आणि क्लच डाव्या पायाला. नेमकं जे माझं गेलं होतं तेच. उजवी बाजू अधू असती तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचा पायच गेला असता, ते जास्त अवघड. माझ्यासाठी उपाय निघाला: जुनी वॅगनआर विकून सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. पण दोन गोष्टी आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की आपोआप पुढे सरकते. आणि डावा पाय तीस वर्षांच्या सवयीनं क्लच शोधतो, क्लचच्या जागेवर सापडतो ब्रेक, आणि तो क्लचसारखा तळापर्यंत दाबला जातो. मागचा ठोकतो. डावा पाय सीटकडे ओढून टाच मागे ठेवायची सवय बंद गाडीत बसून लावा. मी पंधरा दिवस दारातच लावली, पोरं बघून हसायची.

रस्त्यावर यायच्या आधीची पायरी लोक सोडून देतात, ती म्हणजे शेजारच्या सीटवर बसणं. माझ्या आजारपणात बायको गाडी शिकली. आठवड्यातून चार दिवस ती चालवायची आणि मी मोठ्यानं बोलायचो: डावीकडून रिक्षा, समोर स्पीडब्रेकर, उजवीकडं शाळेची पोरं, मागे एसटी. रोज वीस मिनिटं, राम मंदिर चौक ते विश्रामबाग आणि परत. मी स्वतःहून बोललो ते जमा. तिला सांगावं लागलं ते नावे. घरी आल्यावर ती वहीत लिहायची, मी नाही. पहिल्या दिवशी जमा ९, नावे १४, आणि चौदाच्या चौदा डावीकडचे. मी म्हणालो, तू चुकीचं मोजलंस. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला मागे बसवलं. त्यानं पंधरा मोजले.

तीन महिने हे केलं. सलग दोन आठवडे नावे दोनच्या वर गेले नाहीत तेव्हा मॅडमनी पुढे जा म्हटलं. याला मुदत नाही. कुणाचं महिन्यात होईल, कुणाचं होणारच नाही.

कागदपत्रांबद्दल. मला आरटीओकडून कसलंही पत्र आलं नाही, लायसन्सवर चार वर्षं मुदत शिल्लक होती. म्हणून मी पात्र आहे असं होत नाही. लायसन्सच्या अर्जासोबतचा नमुना १ एकदा शांतपणे वाचा. त्यात फिट, अचानक शुद्ध हरपणं किंवा चक्कर आहे का हे विचारलंय, हातापायाच्या ताकदीबद्दल विचारलंय, भर उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का हे विचारलंय, आणि शेवटी इतरांना धोका होईल असा कुठलाही आजार आहे का हेही. खाली सही आपली असते. चाळिशीनंतर डॉक्टरांचा नमुना १-अ लागतो, तो ओळखीच्या दवाखान्यात चहा पिताना सही करून घेऊ नका, ज्यांनी डोकं उघडलं त्यांना विचारून घ्या. शरीरानं किंवा मनानं धड नसताना गाडी चालवणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८६ खाली गुन्हा आहे. दंड पहिल्यांदा ₹१,००० पर्यंत, पुन्हा केल्यास ₹२,००० पर्यंत. रक्कम किरकोळ आहे. पण कुणाला लागलं तर कोर्टात तुमची डिस्चार्ज फाइल आधी उघडली जाईल.

जुलै २०२३ मध्ये, शेवटच्या फिटला वर्ष उलटून गेल्यावर, मी मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत बसलो. बायकोला ज्या मास्तरांनी शिकवलं तेच. त्यांच्या गाडीत क्लच आणि ब्रेक त्यांच्याही पायाखाली असतात. हे महत्त्वाचं आहे. भावाच्या, मित्राच्या गाडीत पहिला धडा घेऊ नका. शेजारी बसलेला माणूस नुसता ओरडू शकतो, गाडी थांबवू शकत नाही. मास्तरांना मी आजार पूर्ण सांगितला, मॅडमचा कागद दाखवला. पहिले दहा दिवस क्लच-गिअर त्यांनी सांभाळला, माझ्याकडे फक्त स्टिअरिंग, ब्रेक आणि मान.

जागा निवडली आमचं मार्केट यार्ड, रविवारी सकाळी सातला. रस्ते रुंद, शटर बंद, हमाल नाहीत. मास्तरांनी डाव्या कडेला भुश्शानं भरलेली तीन पोती ठेवली आणि म्हणाले, हातभर अंतर ठेवून शेजारून न्या. मी नेली. धप्प आवाज झाला. मी म्हणालो, "इथं खड्डा पडलाय वाटतं." मास्तर काही बोलले नाहीत. खाली उतरून पोतं चाकाखालून ओढलं, झटकलं, परत जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "रिव्हर्स घ्या, परत." त्या दिवशी अकरा फेऱ्या झाल्या. तीन वेळा पोतं.

मग पायऱ्या अशा चढलो: यार्ड, मग रविवारी सकाळचा सांगली-मिरज रस्ता, मग कामाच्या दिवशी दुपारी, मग पुष्पराज चौक. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. नवा रस्ता असेल तर वेळ निवांत. गर्दी असेल तर रस्ता पायाखालचा. पाऊस, रात्र, गाडीत गप्पा आणि गाणी हे सगळं शेवटी. वेग चाळीसच्या आत. ताशी चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. चांगल्या माणसाला ब्रेकवर पाय न्यायला दीड सेकंद धरा, म्हणजे सोळा-सतरा मीटर. माझा मेंदू अर्धा सेकंद जास्त घेत असेल तर आणखी साडेपाच मीटर, म्हणजे एक अख्खी गाडी आणि वर थोडं. पुढच्या गाडीपासून मी तेवढं जास्त अंतर सोडतो. मध्ये कुणीतरी घुसतोच. घुसू द्या, परत मागे व्हा.

थकव्याचं वेगळं गणित आहे. ज्याला मार लागलाय त्यालाच ते कळेल. हा दमलो-भागलो असा थकवा नसतो, दिवे गेल्यासारखा असतो. सकाळी मी बरा असतो, दुपारी चार तास आकडे लिहिल्यावर माझी डावी बाजू परत पुसट होते. माझी खूण म्हणजे जांभया आणि शब्द न सापडणं. "वही" म्हणायचं असतं आणि "ते हे" म्हणतो. त्या दिवशी दुकानातून रिक्षानं येतो, गाडी यार्डात राहते. तुमची खूण कोणती ते घरच्यांना विचारा, तुमच्याआधी त्यांना ठाऊक असते.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. ऑक्टोबरमध्ये, एकट्यानं जायची परवानगी नसताना, बायको माहेरी गेलेली बघून मी गाडी काढली. माधवनगरपर्यंत जाऊन यायचं, एवढंच. जाताना मस्त गेलो. येताना सूर्य डोळ्यावर, मी लाल पट्टीकडे बघायचं विसरलो. खण् असा आवाज आला. डावा आरसा दूधवाल्याच्या किटलीला लागला होता. तो मोटारसायकलसकट कडेच्या मुरमात उतरला, पडला नाही. एक किटली कलंडली आणि दूध माझ्या डाव्या चाकाखाली पसरत गेलं. म्हातारा होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "हॉर्न दिला की मालक, तीनदा." मला एकदाही ऐकू आला नव्हता. दुधाचे पैसे दिले, गाडी तिथंच लावली, मेव्हण्याला फोन केला. बायकोनं परत आल्यावर काही न बोलता वही घेतली आणि नावे बाजूला फक्त "दूध" लिहिलं. मॅडमनी दोन महिने परत शेजारच्या सीटवर बसवलं.

घरातल्यांसाठी एकच सांगणं: "थांबा" या शब्दाचा नियम आधी ठरवा. आमच्यात तिनं "अहो, थांबा" म्हटलं की मी कडेला घेऊन थांबतो. का म्हणून विचारायचं ते गाडी बंद झाल्यावर. आणि किल्ली त्यांच्या ताब्यात ठेवा. राग येईल, येऊ द्या.

दुचाकीचं विचाराल तर मी विकली. स्कूटरला तोल लागतो, दोन्ही हातांचे ब्रेक लागतात, आणि दुसऱ्यांदा डोक्यावर पडायची माझी ऐपत नाही. काही जण परत चालवतात, मॅडमनी मला तरी नको म्हटलं. मागे बसतानाही हेल्मेट घालतो, पट्टा लावून.

डिसेंबर २०२३ पासून तीन रस्त्यांवर एकटा जातो: घर ते यार्ड, मिरज, आणि विश्रामबागेतून बहिणीकडे. कोल्हापूरला जायचं तर अंकलीपर्यंत मी, पुढे बायको. गाळप सुरू झालं की, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दिवस मावळल्यावर गाडी काढत नाही, लग्न असो की मयत. वही अजून चालू आहे, महिन्यातून एका रविवारी ती शेजारी बसते आणि मोजते. गेल्या खेपेला जमा ३१, नावे १. तो एक म्हणजे डावीकडं उभी असलेली मोकळी ट्रॉली.